दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरातल्या कामाचा वाटा कसा द्यावा: पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

प्रथम सत्राची परीक्षा संपली की शाळेच्या फाटकाशी पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "बाई, सुट्टीचा अभ्यास काय दिलाय?" आणि "एवढे दिवस यांना घरात आवरायचं कसं?" मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझं दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर असतं: दिवाळीत घरात जे काम निघतं, त्यातला ठरलेला वाटा मुलाच्या नावावर करा. हाताखालची मदत म्हणून नको, त्याचं स्वतःचं काम म्हणून. त्यात मोजणं येतं, लिहिणं येतं, चार माणसांत बोलणं येतं. शिवाय "कंटाळा आला" हे ऐकावं लागत नाही. निदान कमी ऐकावं लागतं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवलं आहे. वर्षाच्या एकूण तासांचा हा दहावा हिस्साही नाही. उरलेला वेळ घराचा आहे, आणि दिवाळीइतकं घरात एरवी काही चालू नसतं.

1. सुट्टी लागण्याआधी बाईंना एकच प्रश्न विचारा

"अभ्यासात कसा आहे?" असं विचारलंत तर "चांगला आहे" एवढंच उत्तर मिळेल. "नेमकं कुठं अडतं?" असं विचारा. मग आम्हालाही नीट सांगता येतं: जोडाक्षरांवर थांबतो, हातच्याची वजाबाकी चुकते, येत असूनही वर्गात बोलत नाही. यातली एकच गोष्ट सुट्टीसाठी निवडा. वजाबाकी अडत असेल तर बाजारहाटाचं काम त्याला द्या, बोलत नसेल तर किल्ल्याचं.

प्रगतिपत्रक काही शाळा सुट्टीआधी देतात, काही नंतर. हातात आलं तर अ-1, अ-2 या श्रेणींच्या आधी वर्णनात्मक नोंदी वाचा. त्या लिहिताना आम्ही प्रत्येक मूल डोळ्यांसमोर आणतो, आणि सगळ्यांत कमी वाचल्या जातात त्याच.

2. सुट्टीचा गृहपाठ वसुबारसेच्या आत संपवा

रोज आंघोळ झाल्यावर एक-दोन पानं, बस. वसुबारस ते भाऊबीज वहीला हात लावायचा नाही. उरलं तर भाऊबीजेनंतर. शाळेच्या आदल्या रात्री आईने डाव्या हाताने लिहून पूर्ण केलेली वही आम्हाला लगेच ओळखू येते. त्यापेक्षा कोरं पान बरं.

3. कामं वाटा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा

काम छोटं असावं, पण पुरतं त्याचं असावं. "आईला मदत कर" हे काम झालं नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला पणत्या द्या: आणलेल्या मोजायच्या, फुटक्या बाजूला काढायच्या, तेल शोषू नये म्हणून पाण्यात भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी कुठं किती लागतील ते ठरवायचं. तिसरी-चौथीच्या मुलाकडे सामानाची यादी आणि पिशवी द्या. मुलगा-मुलगी असा भेद करू नका. रांगोळी मुलीची आणि किल्ला मुलाचा, ही वाटणी घरोघरी आपोआप होते. या वर्षी मुद्दाम उलटी करून बघा.

चुकलं तर हातातून काम काढून घ्यायचं नाही, ही अट तुमच्यासाठी आहे. पणत्या वाकड्या रांगेत लागल्या तरी उजेड तेवढाच पडतो.

4. बाजारात पैसे त्याच्या हातात द्या

घरी यादी मुलाने लिहायची. "उटणं", "लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे" हे शब्द ऐकून लिहिणं म्हणजे श्रुतलेखनच, फक्त लाल पेन नाही. दुकानात सगळ्या खरेदीचा हिशेब त्याच्यावर टाकू नका, गोंधळतो. एकच वस्तू द्या. पणत्या 60 रुपये डझन आहेत आणि आपल्याला 30 हव्यात, तर किती द्यायचे? तिसरीचं मूल आधी 24 पणत्यांचे 120 काढतं, मग उरलेल्या 6 पाशी अडखळतं. अडखळू द्या. मागे गिऱ्हाईक उभं असलं तरी तुम्ही उत्तर सांगू नका, हवं तर त्याला घेऊन बाजूला उभे राहा. दोनशेच्या नोटेतून 50 रुपये परत घेऊन तो तुमच्याकडे येईल, तेव्हा हातच्याची वजाबाकी बरीच झालेली असेल.

5. फराळात माप त्याच्याकडे

तळण मोठ्यांचं. गरम तेलाच्या कढईपासून मुलांना दूरच ठेवा, त्यात सवलत नाही. पण माप, लाडू वळणं आणि शंकरपाळ्यांवर कातण फिरवणं त्यांना सहज जमतं.

चकलीच्या भाजणीचं प्रमाण घरोघरी वेगळं असतं. समजा तुमच्याकडे 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभराडाळ, 1 वाटी उडीदडाळ आणि अर्धी वाटी मूगडाळ असं आहे. मुलाला म्हणा, या वर्षी निम्मीच भाजणी करायची. चाराचे दोन, दोनाचा एक, एकाची अर्धी इथपर्यंत गाडी जोरात जाते. अर्ध्याची निम्मी म्हणजे पाव, हे वहीत गोलाचे तुकडे रंगवून लवकर कळत नाही. रिकामी वाटी हातात असली की कळतं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द हल्लीच्या मुलांच्या कानावर फार कमी पडतात. स्वयंपाकघरात ते मोठ्याने वापरा.

शंकरपाळ्यांचं प्रमाण आपण सांगतो ते असं: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा. मैदा किती मावेल याचा अंदाज मुलाला आधी लिहून ठेवायला सांगा आणि वाट्या त्यालाच मोजू द्या. एका घाण्यात 5 चकल्या आणि घाणे 9, तर डब्यात किती? उत्तर 45. डब्यात 41 निघाल्या तर चार कुठं गेल्या, हे त्यालाच विचारा.

6. किल्ला: याला पुरेसे दिवस द्या

मला विचाराल तर सुट्टीतलं सगळ्यांत मोलाचं काम हेच. म्हणूनच बाजारात मिळणारा पीओपीचा तयार किल्ला आणू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅलरीत जुन्या परातीत करा, पण मातीचाच करा.

आधी कुठला किल्ला ते ठरवा. "असाच एक किल्ला" नको, नाव असलेला हवा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं: महाराष्ट्रातले साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यांतला एखादा घ्या, किंवा आपल्या तालुक्यातला घ्या. आमच्याकडची मुलं साहजिकच प्रतापगड किंवा अजिंक्यतारा करतात. फोटो बघून कागदावर साधा नकाशा काढायचा: डोंगर कसा आहे, वाट कुठून वर जाते, बालेकिल्ला कुठं.

मग दगड, विटांचे तुकडे, त्यावर जुनं पोतं आणि वर माती कालवून लिंपण. हे मुलांना सांगावं लागत नाही. तुमचं काम प्रश्न विचारायचं. एका वेळी एकच विचारा आणि निघून जा.

गडावर पाणी कुठून येत असेल? मुलं आधी नळ म्हणतात, मग विहीर. कातळात खोदलेल्या टाक्यांत पावसाचं पाणी साठवत, हे कळलं की किल्ल्यावर एक टाकं येतं. दरवाजा समोर का दिसत नाही? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला आहे. शत्रूला तो लांबून दिसत नाही आणि जवळ आल्यावर दोन्हीकडून मारा बसतो. हे समजलं की मुलं आपला दरवाजा मोडून पुन्हा बांधतात. मोडू द्या. चौथीच्या मुलाला आणखी एक विचारा: मावळा तोफेपेक्षा मोठा आणि वाघ बुरुजापेक्षा मोठा, असं कसं? त्यातून प्रमाण नावाची गोष्ट सुरू होते. बाजारातून आणलेला वाघ मात्र तो काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नका.

हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरा. पेरल्याची तारीख वहीत, मग रोज एक ओळ: आज काय दिसलं. दोन-तीन दिवसांत कोंब दिसायला लागतात. सावलीतली बाजू आणि उन्हातली बाजू यांत फरक पडतो का, तेही तो स्वतः बघेल.

शेवटी पुठ्ठ्यावर माहितीचा फलक: किल्ल्याचं नाव, तालुका, जिल्हा आणि एक घटना, तारखेसह. प्रतापगड असेल तर 10 नोव्हेंबर 1659 ही तारीख त्याला आधीच पाठ असेल. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला किल्ला त्यानेच दाखवायचा. वर्गात तोंड न उघडणारी मुलं किल्ल्यापाशी अखंड बोलताना मी पाहिली आहेत. फक्त मध्येच "अरे, ते सांग ना, ते विसरलास" असं म्हणू नका.

7. रांगोळीत ठिपके मोजा

"5 ठिपके 3 पर्यंत" ही रांगोळी घ्या. मधल्या रांगेत 5, वर-खाली 4 आणि 3. एकूण 19. "7 ठिपके 4 पर्यंत" घेतली तर 37. आता "9 ठिपके 5 पर्यंत"चे ठिपके न काढता सांगायचे. 61 येतात. चौथीतल्या हौशी मुलाला "15 ते 8" द्या आणि तुम्ही चहा प्या. उत्तर 169.

8. वाचन: रोज पंधरा मिनिटं, मोठ्याने

दिवाळी अंक मोठ्यांसाठी येतात तसा एक मुलांसाठीही आणा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. ते मोजायचं काम शाळेचं. घरी घड्याळ लावू नका. आजी-आजोबांना चष्मा सापडत नाही असं सांगून त्यांच्यासाठी वाचायला लावा. ही युक्ती दुसरीपर्यंत नक्की चालते.

9. फटाक्यांचा नियम आधीच ठरवा

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली. घरातही तीच पाळा. नागगोळी आवाज करत नाही म्हणून लहानांच्या हातात देतात, पण तिच्या धुरात सूक्ष्म कण फार असतात आणि मुलं नेमकी त्यावर वाकून बघतात. ती आणूच नका. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. भाजणं मोठं असेल, किंवा चेहऱ्याला, डोळ्याला लागलं असेल, तर थेट दवाखाना.

10. पाहुण्यांच्या "किती टक्के पडले?"ला उत्तर तयार ठेवा

भाऊबीजेला चार घरं एकत्र आली की मुलांची तुलना सुरू होते. मामा विचारतात, काकू विचारतात आणि मूल आईकडे बघतं. त्या वेळी उत्तर तुम्ही द्या: "यंदा याने पूर्ण बाजार केला, विचारा त्याला पणत्यांचा भाव." विषय बदलतो आणि मुलाला सांगण्यासारखं काहीतरी असतं. घरातल्या कामाचा हाही एक उपयोग.

ओवाळणीचे पैसे "दे, मी ठेवते" म्हणून काढून घेऊ नका. ते परत मिळत नाहीत, हे मुलांना फार लवकर कळतं. एक छोटी वही द्या: तारीख, कुणी दिले, किती, कशावर खर्च, शिल्लक किती. मोठी रक्कम असेल तर त्याला सोबत नेऊन पोस्टात किंवा बँकेत त्याच्या नावावर भरा. उरलेल्यात त्याने काही निरुपयोगी घेतलं तर घेऊ द्या. वहीत ती नोंद राहतेच.

11. शाळा उघडण्याआधीचे तीन-चार दिवस

रोज अर्धा तास लवकर झोपवत जा. दप्तर त्यालाच भरू द्या. किल्ला, कामांचा कागद, ओवाळणीची वही यांतलं काहीही शाळेत पाठवलंत तर आम्हाला आवडेल. किल्ल्याचा फोटो चालेल.

आमच्यासारख्या उसाच्या पट्ट्यातल्या पालकांसाठी आणखी एक काम आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचं गाळप सुरू होतं. बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. त्या कोप्यांत शाळेच्या वयाची मुलं असतात, आणि त्यांच्या आईवडिलांना बऱ्याचदा वाटतं की दाखला आणला नाही म्हणजे शाळा घेणार नाही. तसं नाही. दाखला नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, मूल वर्षाच्या मध्येही येऊ शकतं, आणि त्याला वयानुसार वर्ग मिळतो. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेलं कार्ड) दिलं असेल तर ते सोबत आणावं, नसेल तरी यावं. तुमच्या रानात टोळी उतरली असेल तर टोळीच्या मुकादमाशी बोला, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून मुलं किती आणि कोणत्या वयाची आहेत ते कळवा. आणि आपल्या मुलाला सांगून ठेवा की सुट्टीनंतर बाकावर शेजारी नवीन कुणी बसेल, त्याला वर्गातली पाण्याची टाकी आणि मधल्या सुट्टीतल्या खिचडीची रांग दाखवायचं काम तुझं.