दुसऱ्या वर्षाला पुण्यात जाताना: खोली कुठे घ्यावी आणि गावी कसे यावे

तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण करून थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला प्रवेश घेणारी यवतमाळ जिल्ह्यातील बरीच मुले-मुली दरवर्षी पुण्याची महाविद्यालये निवडतात. केंद्रीय प्रवेशफेरीचे निकाल लागून जागा निश्चित होईपर्यंत पावसाळा निम्मा सरलेला असतो, अनेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झालेले असतात आणि महाविद्यालयाच्या वसतिगृहातील बहुतेक खाटा प्रथम वर्षापासून तिथे असलेल्या विद्यार्थ्यांनी आधीच घेतलेल्या असतात. त्यामुळे कागदपत्रे तपासून घेण्यासाठी दोन दिवस पुण्यात आलेले पालक तिसऱ्या दिवशी परतण्याआधी अकरा महिन्यांची खोली ठरवून मोकळे होतात. पुढच्या बहुतेक अडचणी याच घाईतून निघतात, असे इतक्या वर्षांत पाहून माझे मत झाले आहे.

माझ्या भाच्याच्या वेळी मीही हेच केले. मामेभाऊ जवळ राहतो म्हणून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरती, जागा घेतली आणि महाविद्यालय होते निगडीला. रोज सकाळी साडेसहाला निघणे आणि संध्याकाळी साडेसातला परतणे सुरू झाले. तिसऱ्या महिन्यात त्याने आकुर्डीला जागा पाहिली, तेव्हा घरमालकांनी एक महिन्याची पूर्वसूचना दिली नाही म्हणून डिपॉझिटमधून महिन्याचे भाडे कापून घेतले. ती अट कागदावर होती आणि मी ती न वाचता सही केली होती.

म्हणून पहिला महिना तात्पुरता मानावा. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव नोंदवून ठेवावे, कारण प्रवेश रद्द होऊन काही जागा नंतर सुटतात, आणि तोवर महाविद्यालयापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी महिन्याच्या बोलीवर एक कॉट घ्यावी, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल. या महिन्यात वेळापत्रक कळते, प्रात्यक्षिके किती वाजेपर्यंत चालतात ते कळते आणि मुख्य म्हणजे वर्गातली सोबत मिळते. तिघांनी मिळून घेतलेली सदनिका ही कॉटपेक्षा बहुधा स्वस्त आणि अभ्यासाला बरी पडते, पण ते तिघे आधी एकमेकांना ठाऊक झालेले असावेत.

जागा निवडताना अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये; सकाळच्या गर्दीत लागणाऱ्या मिनिटांत मोजावे. पुणे मेट्रोचे पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हे दोन मार्ग सुरू आहेत आणि विद्यार्थी कार्डावर तिकिटात 30 टक्के सवलत मिळते, त्यामुळे शिवाजीनगर परिसरातील महाविद्यालयांना पिंपरी किंवा वनाजकडून येणेही सोयीचे झाले आहे. धनकवडी, बिबवेवाडी, आंबेगाव या बाजूच्या महाविद्यालयांना मात्र पीएमपीची बस किंवा स्वतःची दुचाकी यांवरच अवलंबून राहावे लागते, तेव्हा तिथे शिकणाऱ्याने त्याच अंगाला राहावे. आकुर्डी-निगडीकडे लोणावळा लोकल उपयोगी पडते, पण दुपारच्या वेळेत तिच्या फेऱ्यांमध्ये मोठे अंतर असते, हे दुपारी तास संपणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

खोली पाहायला दुपारी जाऊ नये, कारण दुपारी सगळ्या खोल्या बऱ्या दिसतात. संध्याकाळी साडेसातनंतर, राहणारी मुले परत आलेली असताना जावे. खोलीत चार कॉट असतील तर प्लग किती आहेत ते मोजावे. चार लॅपटॉप आणि चार मोबाइल एका एक्स्टेन्शन बोर्डावर लटकलेले असतील, तर परीक्षेच्या दिवसांत काय होईल याची कल्पना येते. पाणी किती वाजता येते आणि टाकी कितीची आहे हे मालकाला न विचारता तिथल्या मुलांना विचारावे. पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात ते पाहावे. गादीचा कोपरा उचलून ढेकूण आहेत का हेही पाहावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. विजेचे बिल भाड्यात धरले आहे की वेगळे, वेगळे असल्यास मीटरचा आजचा आकडा किती, याचा फोटो काढून ठेवावा. मुलींच्या बाबतीत फाटक किती वाजता बंद होते हे विचारण्याबरोबरच, गावाहून येणारी गाडी रात्री उशिरा पोहोचली तर फाटक कोण उघडणार, हे नाव घेऊन ठरवून घ्यावे. मेसवाल्याशी बोलताना महिन्याच्या पैशांइतकेच खाड्यांचे ठरवावे: किती दिवस आधी सांगितले म्हणजे खाडा धरला जातो आणि सलग किती दिवस गैरहजर राहिल्यावर पैसे वळते होतात.

सदनिका घेतल्यास भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी जागामालकावर आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये असते. हा खर्च कोणी करायचा ते आधी बोलून घ्यावे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचे कामही त्याच वेळी उरकावे.

हा करार आणखी एका कारणासाठी लागतो. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. पुण्यासारख्या शहरात या योजनांतून पात्र विद्यार्थ्याच्या खात्यात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत रक्कम जमा होते. इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर आर्थिकदृष्ट्या मागास व अल्पभूधारक कुटुंबांतील मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा आणि अर्जाची मुदत प्रत्येकीची वेगळी असते, पण भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला जातो आणि कॉट बेसिसचे अनेक मालक साधी पावतीसुद्धा देत नाहीत. योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर हे पैसे हाती देण्यापूर्वीच बोलावे, नंतर कोणी ऐकत नाही.

गावी येण्याजाण्याचा विचार तितकाच आधी करावा. यवतमाळकरांना मोठ्या गाडीसाठी धामणगाव, बडनेरा किंवा वर्ध्याला जावे लागते, त्यामुळे रेल्वेच्या प्रवासाला दोन्ही टोकांना एसटी जोडून हिशेब करावा. आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते. दिवाळीची तारीख पाहून तो दिवस वहीत लिहून ठेवावा आणि जाण्याबरोबर परतीचेही तिकीट त्याच सुमारास काढावे, कारण भाऊबीजेनंतर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची प्रतीक्षा यादी अधिक लांबते. तत्काळच्या भरवशावर राहणाऱ्याने आपले खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी. शयनयानाचे तत्काळ सकाळी 11 वाजता उघडते, म्हणजे नेमके तासाच्या वेळी.

मूळ गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शयनयान व द्वितीय श्रेणीत 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के सवलत अजूनही आहे. तिच्यासाठी महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या सहीचा अर्ज लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावे लागते. ऑनलाइन ते निघत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारत बडनेरा आणि वर्ध्याला थांबते व दिवसाउजेडी प्रवास होतो, पण तिचे भाडे दर सुट्टीला परवडणारे नाही आणि उलट दिशेने ती पुण्यात रात्री पोहोचते, तेव्हा फाटकाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट असल्याने मुलींनी तिचा विचार आधी करावा. विदर्भाकडच्या गाड्या शिवाजीनगर आगाराच्या आहेत आणि ते स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवले होते, म्हणून रिक्षावाल्याला नुसते शिवाजीनगर न सांगता वाकडेवाडी म्हणावे.

दुचाकी पहिल्या महिन्यात नेऊ नये. तिची गरज आहे की नाही हे खोली पक्की झाल्यावरच कळते. न्यायची ठरल्यास रेल्वेच्या पार्सल कार्यालयात टाकी रिकामी करून, नोंदणी पुस्तकाची प्रत आणि ओळखपत्र घेऊन जावे, आरसे काढून पिशवीत ठेवावेत आणि हँडल, दिवा व पेट्रोलची टाकी गोणपाटाने घट्ट बांधून घ्यावी. बांधणारे स्थानकाबाहेरच असतात, पण दोर आपला नेलेला बरा.