सॅन्याक लूप फिल्टर: आधी खोली, मग जागा

50:50 कपलरची (प्रकाश निम्मा-निम्मा वाटणाऱ्या जोडाची) दोन टोकं जोडून केलेल्या लूपमध्ये पांडा फायबरचा (दोन ध्रुवण-दिशांचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने नेणाऱ्या फायबरचा) तुकडा आणि तीन पाकळ्यांचा पोलरायझेशन कंट्रोलर (पाकळ्या फिरवून प्रकाशाचं ध्रुवण बदलणारं साधन) घातला, की कंगव्यासारखा फिल्टर मिळतो: समान अंतरावरच्या तरंगलांबी जातात (दात), मधल्या अडतात (दऱ्या). दात किती अंतरावर पडणार, ते लांबी ठरवते: तरंगलांबीचा वर्ग भागिले (द्विअपवर्तन, म्हणजे दोन ध्रुवण-दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक, गुणिले पांडा फायबरची लांबी). द्विअपवर्तन 0.0004 धरलं, तर 2 मीटर फायबरला 1550 नॅनोमीटरपाशी साधारण 3 नॅनोमीटर. पाकळ्या कितीही फिरवा, हे अंतर बदलत नाही. बदलते ती दरीची खोली आणि तिची जागा.

म्हणून तिन्ही पाकळ्या एकदम हलवू नका. आधी मधली (अर्धतरंग, म्हणजे एका ध्रुवणाला दुसऱ्यापेक्षा अर्धी तरंगलांबी मागे टाकणारी) फिरवून दऱ्या शक्य तितक्या खोल करा. मग कडेच्या पाकळ्या थोड्या थोड्या हलवून कंगवा सरकवा. खोली कमी झाली की पुन्हा मधलीकडे या. दोन-तीन फेऱ्या लागतातच, वैतागू नका.

त्याआधी मोकळं फायबर टेबलाला टेपने चिकटवा, नाहीतर कोपर लागला की सगळं पहिल्यापासून! पांडाचा तुकडा एसीच्या झोतापासून दूर, डबीत ठेवा. तापमान एका अंशाने बदललं, तरी कंगवा नॅनोमीटरभर सरकू शकतो आणि दोष उगाच पाकळ्यांवर येतो.