इंटिग्रेशनचा ताळा डेरिव्हेटिव्हनं

माझा भाचा लातूरला बारावी सायन्सला आहे. डेरिव्हेटिव्ह त्याला छान यायची, पण त्याची उलट क्रिया, म्हणजे इंटिग्रेशन, शिकवायला लागले आणि दोन्हींची चिन्हं एकमेकांत मिसळली. साइनचं इंटिग्रल उणे कॉस की अधिक, यावरच गाडी अडायची. क्लासमध्ये पाठांतराला आणखी एक तक्ता दिला, त्यानं घोळ वाढला.

मी तो तक्ता बाजूला ठेवायला लावला. नियम एकच: उत्तर आलं की त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं; मूळ फलन परत आलं तरच पुढचं गणित. (२क्ष + ५) च्या चौथ्या घाताचं इंटिग्रल त्यानं ‘पाचवा घात भागिले ५’ लिहिलं. ताळा घेतला तर दुप्पट आलं. कंसातला २ कुठं जातो ते त्याला तिथंच दिसलं, आणि छेदात १० आले. मी समजावून सांगितलं असतं तर इतकं पक्कं बसलं नसतं.

एक मात्र या ताळ्यात सापडत नाही: विसरलेला अधिक सी, म्हणजे उत्तराच्या शेवटी लिहायचा स्थिरांक. स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्यच, म्हणून तो आठवणीनंच लिहावा लागतो. आणि १ भागिले क्षला घाताचं सूत्र लावलं तर छेदात शून्य येतो, तिथं लॉगच.

सीईटीला याचा फार उपयोग आहे. चार पर्याय समोरच असतात. इंटिग्रल किचकट असेल तर पर्यायांचंच डेरिव्हेटिव्ह घ्यावं, बऱ्याचदा वेळ वाचतो.

आता तो मिसळलेली गणितं सोडवतो, एक डेरिव्हेटिव्हचं, लगेच एक इंटिग्रेशनचं. बाय पार्ट्स (दोन फलनांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची पद्धत) अजून पक्कं व्हायचंय.