रोजच्या इंग्रजीचा शब्दसंग्रह : सुटे शब्द नकोत, जोड्या हव्यात

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा असे एकदा मनावर घेतले की बहुतेक जण कोरी वही काढतात, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ अशी यादी करतात आणि पाठांतराला लागतात. परीक्षेपुरते हे ठीक आहे. कार्यालयात किंवा प्रवासात बोलण्याची वेळ आली, की मात्र शब्द आठवूनही वाक्य जुळत नाही, कारण तो शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीने येतो, याची नोंद त्या वहीत केलेलीच नसते. म्हणून नोंद सुट्या शब्दाची न करता शब्दांच्या जोडीची किंवा छोट्या वाक्याची करावी.

याची गरज किती आहे हे आपल्या ‘करणे’ या एकाच क्रियापदावरून कळते. चहा करणे म्हणजे ‘मेक टी’, फोन करणे ‘मेक अ कॉल’ आणि चूक करणे ‘मेक अ मिस्टेक’. पण गृहपाठ करणे ‘डू होमवर्क’ आणि बाजारहाट करणे ‘डू द शॉपिंग’. आंघोळ करताना ‘हॅव’ किंवा ‘टेक’ लागतो, तर मदत करणे आणि प्रयत्न करणे यांसाठी ‘हेल्प’ आणि ‘ट्राय’ हे एकेक शब्दच पुरतात. नवीन काही तयार होत असेल तर ‘मेक’ आणि नुसते काम उरकायचे असेल तर ‘डू’, असा नियम सांगितला जातो. तो काही अंशी उपयोगी असला, तरी ‘मेक डिनर’ आणि ‘डू द कुकिंग’ हे दोन्ही प्रयोग बरोबर आहेत म्हटल्यावर नियमाच्या मागे न लागता जोड्याच तोंडी बसवणे शहाणपणाचे ठरते. ‘लावणे’ या क्रियापदाचीही अशीच एक यादी स्वतः करून पाहावी : पंखा लावणे, कुलूप लावणे, मलम लावणे, झाड लावणे.

या जोड्या मिळवण्यासाठी इंग्रजी-मराठी कोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश अधिक कामाचा असतो. ए. एस. हॉर्नबी या इंग्रजी शिक्षकाने जपानमधील विद्यार्थ्यांना शिकवताना असा कोश तयार केला. तो प्रथम 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश म्हणून जगभर गेला. 1978 च्या लाँगमन कोशात सगळे अर्थ सुमारे 2000 सोप्या शब्दांतच दिलेले आहेत, तर 1987 च्या कॉलिन्स कोबिल्ड कोशात अर्थच पूर्ण वाक्यात सांगितलेला असल्यामुळे शब्दाची सोबत आपोआप दिसते. या प्रकाशकांचे कोश आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. कोश उघडल्यावर केवळ अर्थ वाचून थांबू नये; उदाहरणाचे एक वाक्य उतरवून घ्यावे आणि ‘इन्फॉर्मल’, ‘फॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ यांसारखी खूण असेल तर तीही लिहावी. कोणते शब्द आधी शिकावेत, हा प्रश्न ‘ऑक्सफर्ड 3000’ ही नेहमीच्या शब्दांची यादी बरीचशी सोडवते.

यानंतर लक्ष द्यावे ते वाक्प्रचारांकडे नव्हे, तर ‘फ्रेजल व्हर्ब’कडे, म्हणजे साध्या क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ असा शेपटीचा शब्द लागून झालेल्या क्रियापदांकडे. आपल्याकडील शिक्षणात ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ हे शब्द पक्के होतात, पण रोजच्या बोलण्यात त्यांच्या जागी बहुधा ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ ऐकू येतात. बैठक ‘पुट ऑफ’ झाली तर ती पुढे ढकलली आहे आणि ‘कॉल ऑफ’ झाली तर रद्दच झाली आहे. हा फरक चुकला तर नुकसान होऊ शकते. शिवाय सर्वनामाची जागा सांभाळावी लागते : ‘पुट इट ऑफ’ असेच म्हणतात, ‘पुट ऑफ इट’ असे नाही, उलट ‘लुक आफ्टर इट’मध्ये सर्वनाम शेवटी येते. म्हणून वहीतले वाक्य ‘इट’ घालूनच लिहावे.

लिहिलेले लक्षात राहण्यासाठी उजळणीचे अंतर वाढवत न्यावे. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. विज्ञानपत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे : कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, उत्तर आले की कार्ड पुढच्या, उशिरा उघडायच्या खोक्यात जाते आणि चुकले की पहिल्या खोक्यात परत येते. मराठी बाजू पाहून इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणावे. नुसते वाचून मान डोलावली तर ती उजळणी होत नाही. दिवसाला पाच-सात नोंदी पुरेत.

आता वाक्प्रचार. गाइडांमधून हमखास आढळणारा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ ब्रिटिश माणसाच्या आजच्या बोलण्यात क्वचितच येतो. मुसळधार पावसाला तो ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा क्षेत्रवार गट करणे फायद्याचे, आणि क्रिकेट अंगवळणी पडलेल्या मराठी वाचकाला त्यातला एक गट जवळजवळ फुकटच मिळतो. खेळपट्ट्या झाकत नसत त्या काळात पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू वेडावाकडा उसळे. त्यावरून ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीत सापडलेला. ‘ऑन द बॅक फूट’चा अर्थही मैदान डोळ्यांसमोर आणले की उलगडतो. अमेरिकी ग्राहकांबरोबर काम करणाऱ्यांना मात्र बेसबॉलचा गट लागतो : ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ अंदाज, ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे, ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण. क्रिकेटचा गट अमेरिकी माणसापुढे सहसा वापरू नये, कारण तो त्याच्या डोक्यावरून जाईल.

वाक्प्रचार समजणे आणि वापरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि पहिलीवर बराच काळ थांबायला हरकत नाही. ‘किक द बकेट’चा अर्थ मरणे असला, तरी त्यात थट्टेचा सूर आहे आणि शोकसंदेशात तो अनर्थ करील. म्हणून एखादा वाक्प्रचार वेगवेगळ्या तोंडून, निरनिराळ्या प्रसंगी ऐकेपर्यंत तो स्वतः वापरू नये. ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ सोयीचे आहे, कारण त्याची संहिताही सोबत मिळते; आधी न पाहता ऐकावे, मग संहिता समोर ठेवून निसटलेल्या जोड्या टिपाव्यात.

बोलणारा कोणत्या देशाचा आहे, हेही नोंदीशेजारी लिहावे. ब्रिटनमध्ये एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेला घेणे, तर अमेरिकेत त्याच शब्दाने तो बाजूला ठेवला जातो. दोन्हीकडचे लोक एकाच बैठकीत असतील, तर ‘डू यू मीन नाऊ ऑर लेटर?’ असे सरळ विचारून घ्यावे.