पहिली बीपीची गोळी रेनिन बघून द्यायची का? आपल्याच दवाखान्यात असं तपासा

नवीन पेशंटचं बीपी 150/95 निघालं, दोनतीनदा मोजून पक्कं झालं, की आपल्या फॅमिली डॉक्टर लोकांचा हात सवयीने ॲम्लोडिपिन नाहीतर टेल्मिसार्टनकडे जातो. ब्रिटनमधे नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची गाइडलाइन डायबेटिस आणि वंश सोडला तर वय बघते, 55 च्या आत एसीई इनहिबिटर किंवा सार्टन (टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी; दोन्ही अँजिओटेन्सिनला रोखतात), पुढे ॲम्लोसारखी गोळी, कारण वय वाढतं तसं रेनिन, म्हणजे किडनीतून रक्तात येणारं आणि बीपी वाढवायला लावणारं रसायन, साधारणपणे उतरत जातं. मग थेट रेनिनच मोजून ठरवलं तर? न्यूयॉर्कचे डॉ. जॉन लाराघ 1970 च्या दशकापासून हेच मांडत होते, की रेनिन चढलेलं असेल तर त्यातून तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनने नसा आवळल्यात, तिथे सार्टन द्या, आणि दबलेलं असेल तर अंगात मीठपाणी साठलंय, तिथे ॲम्लो किंवा क्लोरथॅलिडोन ही लघवीवाटे मीठपाणी काढणारी पाण्याची गोळी.

सगळ्यात महत्त्वाचं, रक्त पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचं. एकदा सार्टन किंवा पाण्याची गोळी सुरू झाली की रेनिन वाढतं, बीटा ब्लॉकरने खाली येतं, ही संधी परत तितकी सोपी मिळत नाही. पेनकिलर, गर्भनिरोधक गोळ्या, काढ्यातलं ज्येष्ठमध हे मुद्दाम विचारा, पेशंट आपणहून सांगत नाहीत आणि तिन्हीमुळे रिपोर्ट बिघडतो. सकाळी, उठून किमान 2 तास झाल्यावर, 5 ते 15 मिनिटं बसवून सॅम्पल घ्या, मीठ आधीपासून तोडायला सांगू नका. रेनिनसोबत अल्डोस्टेरॉन (ॲड्रिनल ग्रंथीतलं, अंगात मीठ धरून ठेवणारं हार्मोन), पोटॅशियम, क्रिएटिनिन पण पाठवा. आणि लॅबच्या माणसाला बजावून सांगा की सॅम्पल बर्फात ठेवायचं नाही, थंडीत प्रोरेनिन (रेनिनचं निष्क्रिय रूप) ॲक्टिव्ह होतं आणि आकडा खोटाच वाढून येतो.

आता तुलना. रक्त सगळ्यांचं, मग बंद पाकिटातून चिठ्ठी, अर्ध्यांना रिपोर्टप्रमाणे गोळी, अर्ध्यांना नेहमीसारखी. कोणाला काय द्यायचं हे आपण मनाने ठरवलं तर सगळी मेहनत वाया. डोस वाढवायचे नियम दोन्हीकडे सेम. 12 आठवड्यांनी घरचं बीपी बघा, दंडाचं मशीन, सकाळ संध्याकाळ दोनदोन रीडिंग, 7 दिवस, पहिला दिवस सोडून ॲव्हरेज, आणि हिशोब करणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नको. किती पेशंट लागतील ते स्टॅटिस्टिशियनला आधीच विचारा, आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत नोंदणी झालेलीच पाहिजे.

180/110 च्या वरचे, गरोदर किंवा मूल हवं असलेल्या बायका, किडनीचा आजार असलेले यात घेऊ नका, त्यांचं औषध वेगळ्या कारणाने ठरतं.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन जास्त असा रिपोर्ट आला तर पेशंट कुठल्याही गटातला असो, त्याला लगेच सांगायचं आणि एंडोक्रायनोलॉजिस्टकडे पाठवायचं. डॉ. कॉन यांनी 1955 मधे मांडलेला हा आजार, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी गरजेपेक्षा जास्त अल्डोस्टेरॉन बनवते तो प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम, दुर्मिळ नाहीये, बऱ्याच जणांचं पोटॅशियम नॉर्मल असतं म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यावर स्पायरोनोलॅक्टोन किंवा काहींना ॲड्रिनलचं ऑपरेशन असा नेमका उपाय आहे. म्हणून रिपोर्ट लॅबमधून आला की त्याच दिवशी कोणीतरी एकाने तो उघडून बघायचा, ते काम कोणाचं हे सुरुवातीलाच लिहून ठेवा.