हतनूरची गाळबेटं उपग्रहचित्रावर कशी मोजाल?

तापीचं मुख गुजरातेत, तिवरांची जंगलंही तिकडेच. पण गाळाची बेटं शिकायला खान्देश सोडावा लागत नाही. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते ती काळ्या मातीचा गाळ घेऊनच, आणि तो हतनूर धरणाच्या फुगवट्यात बसतो. हात इथेच बसवावा.

कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा, भुसावळच्या पूर्वेला तापीवर या आणि सेंटिनेल-2 हा उपग्रह निवडा. चित्रं 2015 पासूनची मिळतात. त्याआधीचं पाहायचं तर लँडसॅट हे अमेरिकी उपग्रह, पण त्यांच्या रंगीत पट्ट्यांत 30 मीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही.

आता तारीख. सगळं काम इथेच बनतं किंवा बिघडतं. धरण उतरलं की तेच बेट दुप्पट दिसतं, आणि आपण म्हणतो गाळ वाढला! म्हणून आधी धरणाची पाणीपातळी मिळवा आणि दोन वर्षांतले सारख्या पातळीचे, बिनढगांचे दिवस निवडा. महिना तोच असून भागत नाही, पातळी तीच हवी.

उपग्रह प्रत्येक रंगाचा उजेड वेगळ्या पट्ट्यात टिपतो. त्यांतून पाण्याचा निर्देशांक काढा: हिरवा पट्टा बी3 वजा अवरक्त पट्टा बी8, भागिले दोघांची बेरीज. शून्याच्या वर साधारण पाणी, खाली जमीन. गढूळ पाण्यात ही रेषा सरकते, तेव्हा काठ डोळ्यांनी ताडूनच शून्याऐवजी कोणता आकडा धरायचा ते ठरवा. पुढे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बेटांच्या कडा आखून क्षेत्रफळ घ्या. सेंटिनेलच्या चित्रातली एक चौकट (पिक्सेल) 10 मीटर बाय 10 मीटरची, म्हणजे 100 चौकटींचं एक हेक्टर. चार-पाच चौकटींचं बेट मोजू नका. तिथे सगळी चौकट काठाचीच असते.

अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवणाऱ्या रंगजुळणीत हिरवळ लाल दिसते. बेटावर लाल तुकडा दिसला तर तो बहुधा गाळपेर असेल; पाणी ओसरलं की लोक तिथे पेरतात. जलपर्णीही लालच, पण वाऱ्याबरोबर जागा बदलते. दोन-तीन आठवड्यांची चित्रं लागोपाठ पाहिली की फरक कळतो. तरी शंका उरली तर काठावरच्या मच्छीमारांना विचारा.

हीच रीत तापीच्या मुखाशी न्यायची तर पाणीपातळीच्या जागी भरती-ओहोटी धरा. उपग्रह दरवेळी सकाळी साधारण त्याच वेळेला जातो, भरतीची वेळ मात्र रोज पुढे सरकते. तिथे ओहोटीचीच चित्रं वेचावी लागतात. तिवरं ओळखायला मात्र मे महिना बरा: शेतं उघडी पडतात, तिवरं हिरवीच राहतात.