ओट्याला दगडी टाइल लावताय? या चुका टाळा

दगड काळा दिसला की आपण त्याला ग्रॅनाइट म्हणून मोकळे होतो. गडबड तिथूनच सुरू होते. कडप्पाही काळाच, पण तो आंध्रातला चुनखडीचा दगड. कोटा आणि शहाबादी त्याच जातीचे, संगमरवराची गतही तीच. चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू पिळताना सांडलेले थेंब, चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी तासभर तसंच राहिलं की पॉलिश उडतं आणि पांढुरकं वर्तुळ उठतं. मग बायामाणसं तारेच्या घासणीने ते घासत बसतात. ते जाणार कसं? तिथे दगडाचा वरचा थरच खाल्लेला असतो. पुन्हा पॉलिश करून घेणं एवढाच उपाय.

म्हणून दुकानात नमुन्याचा तुकडा मागून घ्या, त्यावर लिंबाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटांनी पुसा. चमक गेली तर तो ग्रॅनाइट नाही. दुसरी परीक्षा थिनरच्या बोळ्याची. करड्या ग्रॅनाइटला काळा रंग चढवूनही विकतात. बोळा काळा झाला तर दुकानदाराला नमस्कार करा आणि निघा. कडप्पा टाकाऊ मात्र नाही. ओट्याखालच्या खणांना आणि उभ्या आधारांना तोच वापरा, तिथे ग्रॅनाइट लावणं म्हणजे उधळपट्टी.

दुसरी चूक सांध्यांची. ओटा 10 फूट लांब आणि 2 फूट रुंद धरा. 1 बाय 1 च्या टाइल लावल्या तर 28 फूट सांधा भरावा लागतो. 2 बाय 1 च्या टाइल रुंदीत आडव्या घातल्या तर 18 फूट. आणि तीन-चार फुटी कटपीस मिळाले तर सांधे दोन-तीनच. माझं मत विचाराल तर आधी कटपीस शोधा, टाइल नंतर. मोठ्या कामातून उरलेले तुकडे दुकानाच्या मागे पडलेले असतात आणि भावात घासाघीसही चालते. फक्त सगळे एकाच जाडीचे आहेत का ते टेप लावून बघा. 16 आणि 18 मिलिमीटरचे शेजारी आले की सांध्यावर पायरी तयार होते आणि पोळपाट डगमगतो.

सांधे पांढऱ्या सिमेंटने भरू देऊ नका. हळद आणि तेल शोषून ते काही महिन्यांत पिवळे, मग काळे पडतात. इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, महाग असतं, पण ओट्याला लागतं किती? थोडंसंच. ते सुकायच्या आत पुसून घ्यायला मात्र मिस्त्रीला बजावा, नाहीतर टाइलवर चिकट पापुद्रा राहतो. आधीच काळे पडलेले सांधे असतील तर खरवडून, पूर्ण वाळवून मग इपॉक्सी भरा. ओलसर सांध्यात ते धरत नाही.

जुन्या कडप्प्यावरच नवी टाइल बसवत असाल तर तेलकटपणा धुऊन काढा, छिन्नीने टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करून घ्या आणि साध्या सिमेंटऐवजी टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला, वापरा. मिस्त्री पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबतोय असं दिसलं की थांबवा. मधल्या जागा पोकळ राहतात आणि नेमक्या तिथेच कोणीतरी नारळ फोडतं. दुसऱ्या दिवशी नाण्याने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर टाइल तेव्हाच काढून घ्या. फिकट दगडाखाली पांढरंच ॲडहेसिव्ह हवं. करडं लावलं तर दगड वरून काळपट दिसतो.

पुढची कड नुसत्या टाइलची ठेवू नका, ती जेमतेम सेंटिमीटरभर जाड असते आणि कुकर आपटला की टवका उडतो. जाड ग्रॅनाइटची पट्टी लावून गोलाई करून घ्या. सिंकच्या पुढच्या अरुंद पट्टीत सांधा येऊ देऊ नका, तिथूनच पाणी खाली झिरपतं.

काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिडची बाटली उघडतो. कडप्पा असेल तर तिथेच हात धरा. ओलं फडकं आणि प्लास्टिकची पट्टी पुरते. मजुरी देण्याआधी ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. ते सिंककडे जायला हवं. भिंतीकडे किंवा शेगडीखाली साचलं तर पाणसळ लावून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.